बैठकीला रंग देण्याआधी शेड भिंतीवर लावून पाहावी का?

तुमचा प्रश्न असा आहे, की दिवाळीआधी बैठकीला रंग द्यायचाय, कार्डावरच्या तीन शेड आवडल्यात आणि पेंटर म्हणतो कार्डावरूनच ठरवा. तर आधी लावून पाहायची खरंच गरज आहे का? आहे. पेंटरला दोन दिवस थांबवा, पण पाहाच.

आमचं घर आर्वी तालुक्यात, बैठकीच्या खिडकीसमोर मोठा निंब. मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फिका पिस्ता पसंत केला. दोन हात झाल्यावर खोली दवाखान्यासारखी हिरवी दिसायला लागली. आई दारातच थांबून म्हणाली, "काहून इतका हिरवा घेतला बाप्पा?" रंग तोच होता, डब्यावरचा नंबरही तोच. पण कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा. चारही भिंती रंगल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडतो आणि फिका रंगही गडद वाटतो. त्यात निंबाच्या पाल्यातून येणारा उजेड आधीच हिरवट. तुमच्या अंगणात तांबडा मुरूम असेल, तर दुपारी भिंतीवर तांबूस झाक येईल. हे कार्डावर कसं दिसणार?

पुढच्या वेळी मी पुठ्ठ्यावर रंग लावून पाहिला आणि तुम्हालाही तेच सांगेन. टीव्हीच्या खोक्याचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे कापा, प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या थराचा, एक हात द्या, मग शेडचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पुठ्ठा वाकतो, म्हणून मागूनही एक हात मारा. कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या रंगाशेजारी डोळा फसत नाही. थेट जुन्या निळ्या भिंतीवर पट्टे ओढले, तर खालचा निळा वर डोकावतो आणि क्रीम रंगही मळका दिसतो. तिन्ही शेड एकमेकींना चिकटून लावायच्या नाहीत. एका वेळी एकच पाहायची. सगळ्यात लहान डबी मागा. काही कंपन्या 200 मिलीची देतात, ती पुरते.

पुठ्ठा एकाच जागी ठेवू नका. खिडकीशेजारी, समोरच्या भिंतीवर, कपाटामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फिरवा. सकाळी, दुपारी दोनला, दिवेलागणीला आणि रात्री बल्बखाली पाहा. रात्रीचं पाहणं लोक विसरतात. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत पिवळा रंग फिका पडतो, 3000 च्या पिवळसर बल्बात राखाडी रंगाला मातकट झाक येते. आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. दिवसभर वावरात असणाऱ्या माणसाला बैठक रात्रीच दिसते, तर रात्रीचाच उजेड जास्त धरा.

ओल्या रंगावरून काही ठरवू नका. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा धुता येणारा रंग, वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. चुन्याचं उलट: ओला असताना खालची भिंत दिसते, वाळला की पांढरा उठतो. मागच्या खोलीला चुना देणार असाल तर हे लक्षात ठेवा.

काळ्या मातीवरच्या घरात पावसाळ्यानंतर भिंतीचा खालचा भाग बरेच दिवस ओलसर राहतो. तिथे कोणताही रंग डागाळलेला दिसेल. आधी ती ओल पाहा, दिवाळी पुढे गेली तरी चालेल.

शेड पक्की झाली की तिचा नंबर आणि कोणत्या रंगात, इमल्शन की डिस्टेंपर (खडूसारखा साधा, स्वस्त रंग), हे कागदावर लिहून ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीला दारं-खिडक्या सोडून साधारण 400 चौरस फूट भिंत निघते, दोन हातांना सात-आठ लिटर लागेल. सगळे डबे एकाच दिवशी मशीनवर बनवून घ्या आणि घरी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. नंतर आणलेल्या डब्यात किंचित फरक पडतो आणि तो नेमका समोरच्या भिंतीच्या मधोमध दिसतो.