होडीत पेट्रोलची कायमची टाकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २० फुटी फायबरची होडी आहे, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड. सध्या २४ लिटरच्या सुट्या टाक्या वापरतो. डेकखालच्या मधल्या कप्प्यात ८०-९० लिटरची ॲल्युमिनियमची टाकी कायमची बसवायची आहे. ओळखीचा वेल्डर करून देतो म्हणतो. काय सांभाळावं? (एक वाचक, मालवण)

उत्तर : टाकी वेल्डर करील; जपायचं आहे ते कप्प्याला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गळली की उडून जात नाही, तळाशी साचते, आणि बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) नि वायरीही तिथेच असतात. सुटी टाकी उघड्यावर होती म्हणून हा प्रश्न आजवर आला नाही. त्यामुळे बॅटरी त्या कप्प्यात ठेवायचीच नाही, पंप ठिणगी बाहेर न पडणारा घ्यायचा आणि कप्प्याला दोन हवाछिद्रं ठेवायची, त्यातल्या एकाची नळी पार तळापर्यंत उतरवायची.

९० × ४० × २५ सेंमी मापाची टाकी बरोबर ९० लिटरची होते. उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून भरायची ८५ लिटरच. टाकी आणि पेट्रोल मिळून सुमारे ७५ किलो होतात. हे वजन होडीच्या मध्यरेषेवर आलं पाहिजे. पत्रा ५०५२ किंवा ५०८३ जातीचा, ३ मिमी जाडीचा, आर्गन वेल्डिंगने जोडलेला. आत मधोमध, टाकीच्या रुंदीच्या दिशेने, एक उभा पडदा घाला, त्याचे चारही कोपरे कापलेले. नाहीतर लाटेवर ६० किलो पेट्रोल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आदळत राहील. सगळी तोंडं वरच्या पत्र्यावर हवीत. तळाला कॉक लावू नका, वेल्डर कितीही सांगो. पितळी फिटिंग थेट ॲल्युमिनियमवर बसवलं तर पत्रा गंजून खाल्ला जातो, म्हणून मध्ये स्टेनलेसची चकती द्या.

टाकी बसवण्याआधी तपासायची ती ०.२ बार दाबाने, म्हणजे टायरच्या दाबाच्या दशांशानेही कमी. पारदर्शक नळी यू आकारात टांगून तिच्यात पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा आणि सायकलच्या पंपाने हवा द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २ मीटरचा फरक पडला की थांबा. प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी लावा; पाच मिनिटांत पातळी हलता कामा नये. गॅरेजचा कंप्रेसर लावू नका. एवढ्याशा दाबातही वरच्या पत्र्यावर ७०० किलोंहून जास्त जोर येतो.

बहुतेक ॲल्युमिनियमच्या टाक्या आतून नव्हे, खालून सडतात. टाकीखाली प्लायवूड, कार्पेट किंवा काथ्या घातला की खारं पाणी तिथे मुरतं आणि पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून निओप्रीन रबराच्या पट्ट्या वापरा आणि त्या टाकीला सीलंटने अशा चिकटवा, की मध्ये पाणी शिरणार नाही. बाकी सगळीकडून हवा खेळती हवी.

भरण्याचा पाइप ३८ मिमी, हवेचा १६ मिमी. पाइपवर ‘आयएसओ ७८४० ए१’ असा छाप पाहून घ्या. बागेचा किंवा पारदर्शक पाइप अजिबात नको. भरण्याच्या पाइपला प्रत्येक टोकाला दोन स्टेनलेस क्लिपा लावा. भरण्याचं तोंड धातूचं असेल तर ते, टाकी आणि इंजिनाची निगेटिव्ह बाजू वायरने जोडा. मीटरवर १ ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे. ही वायर पाइपच्या आत सारून क्लिपखाली दाबू नका, तिथूनच गळती सुरू होते. इंजिनाआधी पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवाच, कारण इथेनॉलचं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

प्रश्न : टाकी बसवून दोन वर्षं झाली. पावसाळ्यानंतर होडी उतरवली तर इंजिन अर्ध्या तासात बंद पडतं आणि हातपंपाचा रबरी बल्ब चपटा होतो. भरतानाही पेट्रोल उलटं उसळतं. (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : बल्ब चपटा होतो म्हणजे अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. इंजिन अडखळू लागलं की टाकीचं झाकण सैल करा. लगेच सुधारलं तर हवेचा पाइप तुंबलाय. भरताना उसळतं यावरूनही तेच दिसतं. होडी वर ओढलेली असताना कुंभारीण माशी त्या १६ मिमीच्या भोकात मातीचं घर करते. जाळी काढून बघा. माती नसेल तर पाइपला मध्ये झोळ पडून त्यात पेट्रोल साचलेलं असेल. पाइप टाकीपासून सलग चढता बांधा. झाकण सैल करूनही फरक पडला नाही, तर ओढनळीच्या तोंडाशी असलेला सायफनरोधक व्हॉल्व्ह अडकलाय. तो नवा घाला, काढून टाकू नका. तो नसेल तर फिल्टरजवळ नळी सुटताच टाकीतलं पेट्रोल आपोआप तळात उतरत राहील.