चार कॉलेजे आणि एक तांबडी रेघ

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्लटन, व्हिटमन, कोलोरॅडो कॉलेज आणि बोडिन या अमेरिकेतल्या चारही कॉलेजांतून प्रवेशाचा होकार आल्याचे वाचून फार आनंद झाला. १ मेपर्यंत एकाला कळवायचे आहे, तेव्हा भटकायला सर्वांत चांगला परिसर कोणता, असे तू विचारतेस. भटकायला चारही चांगले आहेत. पण भूशास्त्राकडे किंवा परिसंस्थाशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीने आधी हे पाहावे की तिथला डोंगर, नदी किंवा किनारा वेळापत्रकात किती येतो; कारण सोमवार ते शुक्रवार वर्गात जातात आणि शनिवार-रविवार गृहपाठ खातो, मग खिडकीतून कितीही सुंदर शिखर दिसत असो.

कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून एका वेळी एकच विषय शिकवतात, साडेतीन आठवडे. त्यामुळे भूशास्त्राचे प्राध्यापक सगळा वर्ग गाडीत घालून तीन-चार दिवस डोंगरात मुक्कामाला नेऊ शकतात आणि त्यापायी कोणाचाही दुसरा तास बुडत नाही. हीच पद्धत सेंद्रिय रसायनशास्त्राला मात्र जड जाते, कारण तिथला एक दिवस म्हणजे इतरत्रचा जवळजवळ एक आठवडा. तापाने दोन दिवस अंथरूण धरले तर पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा हिशेब तूच कर. बारावीला तू वर्षभर रोज थोडा अभ्यास केलास की शेवटच्या महिन्यात झपाटल्यासारखा, याचे प्रामाणिक उत्तर इथे कॉलेजजवळच्या पाइक्स पीक शिखराच्या उंचीपेक्षा जास्त कामाचे आहे.

व्हिटमन वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वाला या गावी आहे आणि भोवतालची गव्हाची शेते पाहून पहिल्या दिवशी तुझी थोडी निराशा होईल. त्या शेतांची माती वाऱ्याने आणून टाकलेली आहे, आणि तिच्याखाली कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला बेसाल्ट हा काळा खडक आहे, सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहू लागलेल्या लाव्ह्याचा. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे बराच थोरला, पण घडण त्याच जातीची. मागच्या पावसाळ्यात घाटातल्या रस्त्याच्या कापाचा फोटो पाठवून, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये ही तांबडी रेघ कसली, असे तू मला विचारले होतेस. एक प्रवाह थंडावला, त्यावर माती धरली आणि पुढच्या प्रवाहाने ती गाडून टाकली. तशी रेघ तुला तिकडच्या कड्यांतही दिसेल. मी स्वतः बेसाल्टवाली आहे, तेव्हा माझा कल इथे लपत नाही, एवढे लक्षात घेऊनच हा परिच्छेद वाच.

डोंगर नाही म्हणून तू कार्लटनला यादीत तळाशी टाकलेस, हे मात्र मला पटले नाही. कॉलेजला लागूनच सुमारे ८०० एकरांचे काउलिंग आर्बोरेटम, म्हणजे अभ्यासासाठी राखलेले रान, आहे, त्यात नदीकाठ आहे आणि पुन्हा वाढवलेले गवताळ रानही आहे. दुपारच्या एका प्रॅक्टिकलात तिथे चालत जाऊन, चौकट टाकून झाडोरा मोजून परत येता येते, आणि तीच चौकट पुढच्या ऋतूत पुन्हा मोजता येते. थंडीचे दहा आठवड्यांचे सत्र जवळपास सगळे बर्फात जाते, तेवढी तयारी ठेव.

मेन राज्यातल्या बोडिनचे केंट बेटावर संशोधन केंद्र आहे, फंडीच्या उपसागरात. तिथे बिळात घरटे करणाऱ्या लीच्स स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे. मेनमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे मात्र छायाचित्रांत दिसत नाही.

आता तुझ्या पत्रात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे उन्हाळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणाऱ्या आरईयू या उन्हाळी संशोधनाचे विद्यावेतन तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला ते दार बंद असते. म्हणून प्रत्येक कॉलेजला स्पष्ट विचार की गेल्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या निधीतून किती परदेशी विद्यार्थ्यांना संशोधनाचे काम दिले.

दुसरे असे की लहान कॉलेजात विभागही लहान असतो. माझ्या विभागात चारच प्राध्यापक होते, त्यांतले एक अभ्यासरजेवर गेले, नंतर दुसरे गेले, आणि ज्या हिमनद्यांच्या कोर्ससाठी मी ते कॉलेज निवडले होते तो पुस्तिकेत छापलेला असूनही माझ्या चार वर्षांत एकदाही झाला नाही. तेव्हा पुस्तिका बाजूला ठेव आणि विभागप्रमुखांना ई-मेल करून गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके माग. ती आली की चारही ठिकाणच्या आर्थिक मदतीच्या पत्रांसह मला पाठव; विमानभाडे, आरोग्यविमा आणि थंडीचे कपडे धरून खरा खर्च काढू.

तुझी,
मावशी