व्यापार 'सुलभ' होतो, 'सुकर' होतो की 'सुगम'?

प्रश्न असा आला आहे: "एका भाषांतरात 'गरीब देशांना व्यापार सुलभीकरण व विस्तारासाठी सहाय्य' असं वाचलं. सुलभीकरण म्हणजे आयातशुल्क कमी करणं का? याच गोष्टीला दुसरीकडे 'व्यापार सुविधा' आणि तिसरीकडे 'व्यापार सवलत' म्हटलेलं दिसलं. यांतला नेमका शब्द कोणता?"

'सवलत' आधी बाजूला काढू, कारण तो सरळ चुकीचा आहे. सवलत म्हणजे जे द्यायचं ठरलं आहे त्यात मिळालेली सूट. मूळ इंग्रजी शब्द 'ट्रेड फॅसिलिटेशन' असा आहे, आणि त्यात आयातशुल्काला हात लागत नाही. शुल्क तेवढंच राहतं. कमी होतो तो ते भरून माल नाक्यापलीकडे नेण्याचा खटाटोप. किती कागद, किती सह्या, एकच माहिती किती ठिकाणी भरायची, ट्रक किती दिवस उभा राहायचा, एवढाच हा मामला आहे. शुल्क उतरवण्याला 'उदारीकरण' हा रुळलेला शब्द आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

'सुविधा' चुकीचा नाही, पण घोटाळा करतो. सुविधा ही वस्तू किंवा व्यवस्था असते: गोदाम, शीतगृह, वजनकाटा. फॅसिलिटेशन ही क्रिया आहे. शिवाय 'ट्रेड फॅसिलिटेशन'वर जागतिक व्यापार संघटनेचा एक करार आहे; त्याच्या अंमलबजावणीत गरीब देशांना हात देण्यासाठी संघटनेनं २०१४ मध्ये जी यंत्रणा उभी केली, तिच्या नावातही 'फॅसिलिटी' आहे. दोन्हींना सुविधा म्हटलं की 'व्यापार सुविधा करार सुविधा' असं काहीतरी तयार होतं. अनुवादकाला तिथे कुठला तरी एक शब्द बदलावाच लागतो, मग तो पहिल्यापासूनच वेगळा ठेवलेला बरा.

आता खरी गंमत. संस्कृतातून आपल्याकडे आलेले तीन शब्द शेजारी ठेवा: सुलभ, सुकर, सुगम. 'सुलभ'मध्ये लभ् धातू आहे, म्हणजे सहज मिळणारा. 'सुकर'मध्ये कृ, म्हणजे करायला सोपा. 'सुगम'मध्ये गम्, म्हणजे जायला सोपा. तिघांचे विरुद्धार्थी शब्द पाहिले की फरक आणखी लख्ख होतो: दुर्लभ, दुष्कर, दुर्गम. दुर्लभ वनस्पती, दुष्कर काम, दुर्गम प्रदेश. यांची अदलाबदल कुणी करत नाही. 'सु'च्या बाजूला मात्र मराठीनं कुंपणं काढून टाकली आहेत. 'सुलभ हप्ते' म्हणताना आपल्या मनात 'फेडायला सोपे' असतं, 'मिळायला सोपे' नव्हे. हा अर्थविस्तार इतका जुना आणि पक्का आहे की त्याला चूक म्हणण्यात काही अर्थ नाही.

तरीही मूळ इंग्रजी शब्दाचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो 'सुकर' आहे. फॅसिलिटेशनच्या मुळाशी लॅटिन 'फाकिलिस' आहे, आणि तो 'फाकेरे' म्हणजे 'करणे' या क्रियापदावरून आला आहे. करायला सोपं ते फाकिलिस, करायला सोपं ते सुकर. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाटेनं जाऊन एकाच जागी पोचावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

मालाच्या बाजूनं पाहिलं तर 'सुगम'चा दावाही भक्कम आहे. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही त्याला मराठीत भूवेष्टित देश म्हणतात. असे बत्तीस विकसनशील देश आहेत, आणि त्यांच्या मालासाठी बाजारपेठ शब्दशः दुर्गम असते. झांबिया हा त्यातलाच एक. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामध्ये झांबेझी नदीवर चिरुंडू इथे नाका आहे. पूर्वी तिथे ट्रक अलीकडच्या काठावर थांबायचा, कागद तपासले जायचे. मग पूल ओलांडून पलीकडे पुन्हा थांबायचा आणि तेच कागद पुन्हा तपासले जायचे. यात दिवसच्या दिवस जायचे. डिसेंबर २००९ पासून तिथे एकच थांबा आहे. ट्रक फक्त ज्या देशात शिरतो त्या बाजूला उभा राहतो आणि दोन्ही देशांचे अधिकारी एका छताखाली बसून काम उरकतात. आपल्या अधिकाऱ्यानं दुसऱ्याच्या भूमीवर बसून आपला कायदा चालवायचा म्हणजे आधी दोन्हीकडे तसे कायदे करावे लागले. त्याशिवाय इमारती, संगणक, प्रशिक्षण. यासाठी बाहेरच्या देशांनी पैसा आणि माणसं दिली. तुमच्या वाक्यातलं 'साहाय्य' ते हेच.

अर्थात हे काम ज्यांच्या हातून होतं ती माणसं यातला एकही 'सु' वापरत नाहीत. व्यापारी म्हणतो, "माल अडकलाय" किंवा "माल सुटला". कस्टममधून माल 'सोडवून घेतात'. हे क्रियापद इतकं नेमकं आहे की कराराचा सातवा अनुच्छेद त्यातून सहज समजतो. त्याचा एक मुद्दा असा की किती शुल्क लागणार याचा अंतिम निर्णय बाकी असला, तरी हमी घेऊन माल आधी सोडता यावा. मराठीत सांगायचं तर माल आज सुटावा आणि प्रकरण नंतर निकालात निघावं. नाशवंत माल तर शक्य तितक्या लवकर सुटावा, असं त्याच अनुच्छेदात वेगळं सांगितलं आहे. सगळे कागद एकाच ठिकाणी देण्याच्या पद्धतीलाही आपल्याकडे 'एक खिडकी' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

मग मी काय वापरीन? वाक्यात 'व्यापार सुकर करणे'. 'काम सुकर झालं', 'प्रवास सुकर व्हावा' ही भाषा जिवंत आहे. नाम म्हणून मात्र 'सुकरीकरण' जिभेवर अडखळतं, तिथे 'सुलभीकरण' चालू द्यावा. तो रुळला आहे. फक्त 'भी' दीर्घ लिहा. जे तसं नाही ते तसं करणं या अर्थी '-करण' जोडताना आधीचा 'अ' दीर्घ ई होतो: शुद्धीकरण, सुशोभीकरण, सुलभीकरण. आणि समास असल्यामुळे 'व्यापारसुलभीकरण' एकत्र. सुटं लिहिण्याची सवय इंग्रजीची आहे.

राहिला 'सहाय्य'. 'सहाय' म्हणजे सोबत जाणारा, सोबती. त्याचं भाववाचक नाम 'साहाय्य', पहिलं अक्षर 'सा'. हा शब्द इथे 'मदत'पेक्षा मला जास्त योग्य वाटतो. मदत म्हटलं की आपत्तीनंतरचं धान्य-कपडे डोळ्यांपुढे येतात. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २००५ च्या हाँगकाँग परिषदेत सुरू झालेल्या 'एड फॉर ट्रेड' म्हणजे व्यापारासाठी साहाय्य या उपक्रमामध्ये बंदरं आणि रस्तेही येतात, प्रशिक्षणही येतं, आणि अनुदानाबरोबर सवलतीच्या दराची कर्जंही येतात, म्हणून 'अनुदान'ही अपुरा पडतो. शिवाय बालीमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये ठरलेल्या आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झालेल्या, वर उल्लेखलेल्या व्यापारसुलभीकरणाच्या करारात विकसनशील देश आपल्या जबाबदाऱ्या स्वतःच तीन गटांत वाटतात: लगेच पाळू, मुदत द्या तर पाळू, आणि मुदतीबरोबर साहाय्य मिळालं तर पाळू. या तिसऱ्या गटात साहाय्य ही मेहरबानी नसून कराराचाच भाग आहे. सोबत चालण्याचा अर्थ तिथे पुरेपूर लागू पडतो. 'व्यापारी मदत' मात्र टाळा; ती व्यापाऱ्यांनी केलेली मदत वाटते.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'गरीब देशांचा परदेशांशी व्यापार सुकर व्हावा आणि वाढावा यासाठी दिलं जाणारं विकाससाहाय्य.'