वाचकांचे प्रश्न : कच्चे खडे कसे घ्यावेत?

प्रश्न : आमच्या घरी पूर्वापार गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय आहे. नैसर्गिक कच्चे खडे आणून, स्वतः घासून, ते चांदीच्या दागिन्यांत बसवावेत असा माझा विचार आहे. जयपूर व खंभात येथील व्यापारी छायाचित्रे पाठवून किलोवर भाव सांगतात. त्यावरून माल मागवावा का? आपल्याकडे विहीर खोदताना निघणारे स्फटिक चालतील का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे वाचतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक दिसायला देखणे असले, तरी त्यांची कठिनता मोहच्या एक ते दहा अशा मापावर साधारण साडेतीन ते पाच एवढीच असते आणि ते ठरावीक पातळीवर सहज दुभंगतात. ते कपाटात शोभतात, अंगठीत टिकत नाहीत. त्याच पोकळ्यांतील अकीक (अगेट) आणि गारगोटी मात्र सातच्या आसपास भरतात व उत्तम झिलई घेतात. मात्र वनक्षेत्रातला दगड परवानगीशिवाय उचलू नये.

आता खरेदीविषयी. गलाईवाल्यांच्या घरात घट, म्हणजे कामात कमी होणारे वजन, म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खड्यांत ती कितीतरी मोठी असते. समजा, सहाशे रुपये किलोच्या मालातून दीडशे ग्रॅम तयार खडे निघाले, तर ग्रॅमला चार रुपये पडले. बाराशेच्या मालातून चारशे ग्रॅम निघाले, तर तीनच. म्हणून किलोचा भाव ऐकून हुरळून जाऊ नये. छायाचित्रातील दगड बहुधा ओला केलेला असतो, त्यामुळे रंग गडद दिसतो आणि चिरा लपतात. कोरड्या दगडाचे, तसेच मागून विजेरीचा प्रकाश टाकून काढलेले छायाचित्र मागावे आणि पहिल्या खेपेस नमुन्यापुरताच माल घ्यावा. ‘मिश्र लॉट’ शक्यतो टाळावा. त्यात निवडून उरलेला गाळच अधिक येतो, असे माझे मत आहे.

नवशिक्याने अकीक किंवा त्याच्याच जातीच्या पण अपारदर्शक अशा जास्परपासून सुरुवात करावी. भरूचजवळच्या रतनपूरचा अकीक भाजून लाल करण्याची रीत फार जुनी असून तिला फसवणूक म्हणता येणार नाही. भडक निळा वा गुलाबी अकीक मात्र जवळजवळ नेहमीच रंगवलेला असतो, आणि ते बिलावर लिहून घेणे हा आपला हक्क आहे. पिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट हा मऊ पांढरा दगडही खपवला जातो. तो पोलादी पात्याने सहज ओरखडतो. ही परीक्षा कच्च्या दगडाच्या मागच्या बाजूस करावी.

घासताना वेगवेगळ्या कठिनतेचे दगड एकाच टम्बलरमध्ये (खडे घासणाऱ्या फिरत्या पिंपात) घालू नयेत, कारण कठीण दगड मऊ दगडांना खाऊन टाकतात. सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड, मग बारीक, आणि शेवटी झिलईची पूड, या क्रमात प्रत्येक टप्प्यानंतर खडे व भांडे स्वच्छ धुणे अनिवार्य आहे. भरड पुडीचा एक कणही शेवटच्या टप्प्यात पुन्हा ओरखडे पाडतो. चाकावर घासायचे झाल्यास पाण्याची धार सतत चालू ठेवावी आणि कोरडे घासू नये. अकिकाची धूळ फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो आणि खंभातच्या अकीक कारागिरांनी त्याची किंमत मोजलेली आहे. धुण्याचा गाळ मोरीत ओतू नये, तो खाली बसून नळी तुंबवतो. बादलीत निवळू देऊन तो ओलसर असतानाच वेगळा काढावा.