फायरवॉल लावल्यावर नेट रखडतंय? लिंक हाताने १०० वर बांधू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी: अमळनेरला घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो सेवा देणाऱ्याचा डबा) खालच्या खोलीत, जुन्या पीसीवर पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून केलेला फायरवॉल (घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी) माडीवर आणि मधली केबल धाब्यावरून, म्हणजे घराच्या छतावरून, नेलेली. लॅपटॉप थेट ओएनटीला लावला की पूर्ण स्पीड मिळतो, फायरवॉलमागून जेमतेम १०-१२. लिंक सारखी तुटत होती म्हणून वॅन पोर्ट (फायरवॉलचा ओएनटीकडचा पोर्ट) हाताने '१०० फुल डुप्लेक्स' केला, म्हणजे वेग १०० एमबीपीएस आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक. आता लिंक टिकते, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की सगळं ठप्प.

भाऊ, आधी ते १०० फुल काढा. घरगुती ओएनटीचा पोर्ट ऑटोवरच असतो, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स समोरच्याशी बोलून आपोआप ठरवतो. तुम्ही आपल्या बाजूला हाताने ठरवलं की बहुतेक नेटवर्क कार्डं ही आपोआप ठरवणी (ऑटो-निगोशिएशन) बंद करतात. समोरच्याला मग सिग्नलवरून १०० एवढं ओळखता येतं, डुप्लेक्स मात्र कळत नाही. तेव्हा तो नियमाप्रमाणे हाफ, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, असं धरतो. म्हणजे तुमचा फायरवॉल ऐकता ऐकता बोलतोय आणि ओएनटी समोरचा गप्प व्हायची वाट बघतोय. दोघं एकदम बोलले की ओएनटीला टक्कर झाली असं वाटतं, तो अर्धवट सोडतो आणि फायरवॉलकडे तुटकी फ्रेम (डेटाचा तुकडा) पोचते. पिंगसारखी हलकी वाहतूक यात व्यवस्थित चालते, त्यामुळे लोकांना वाटतं नेट ठीक आहे. पीएफसेन्सच्या 'स्टेटस'मध्ये 'इंटरफेसेस' उघडून वॅनखालचे एररचे आकडे बघा. डाउनलोड चालू असताना ते चढत असतील तर रोग हाच.

ऑटोवर परत आणल्यावर लिंक पुन्हा तुटायला लागेल, कारण मूळ दुखणं केबलमध्ये आहे असं मला ठाम वाटतं. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. वेग ठरवण्याची बोलणी मात्र त्या पहिल्या दोन जोड्यांवरच होतात. निळी किंवा तपकिरी तार तुटलेली असली तरी दोन्ही टोकं १००० कबूल करतात आणि मग ते निभत नाही. काही कार्डं अशा वेळी स्वतःहून १०० वर उतरतात, काहींची लिंक नुसती येत-जात राहते.

खात्री करायला फायरवॉल उचलून खाली ओएनटीजवळ आणा आणि छोट्या, चांगल्या पॅचकॉर्डने (तयार कनेक्टर लावलेली केबल) जोडा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर '१०००बेस-टी फुल डुप्लेक्स' दिसायला हवं. दिसलं आणि टिकलं तर धाब्यावरची केबल बाद करा. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर नव्याने क्रिंप करून (दाबून बसवून) केबल टेस्टरवर आठही दिवे बघायला हरकत नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. घरात वापरायची पीव्हीसी केबल अशा उन्हात कडक होऊन तडकते. वर खारी कुरतडतात ते वेगळंच. नवी घेताना बाहेरची, काळ्या आवरणाची, शुद्ध तांब्याची कॅट-६ मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती घेऊ नका. वाकवताना आतून तुटते.

स्पीड १०-१२ वरून ९४ च्या आसपास येऊन अडकला, तर कुठेतरी अजून १०० ची लिंक आहे. फायरवॉलपासून लॅपटॉपपर्यंतचा स्विच आणि पोर्टही तपासा. जुन्या पीसीचं कार्डच कधी कधी १०० चं असतं. सगळ्या लिंक १००० वर असूनही कमी मिळालं तरच सीपीयू किंवा हार्डवेअर ऑफलोडच्या (सीपीयूचं काही काम नेटवर्क कार्डावर सोपवणाऱ्या) सेटिंगकडे वळा.

आणि शक्य असेल तर फायरवॉल कायमचा खालीच ओएनटीशेजारी ठेवा किंवा सेवा देणाऱ्याकडून ओएनटीच माडीवर हलवून घ्या. उघड्यावरची तांब्याची तार वळवाच्या विजांत दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाऊ शकते. आवरणात धातूची तार नसलेल्या फायबरला तो धोका नाही.