बसभाड्याची ओळ

प्रिय मुली,

तुझा प्रस्ताव वाचला, सोबतची चिठ्ठीही वाचली. कंपनी चाळीस शाळांना विज्ञानपेट्या द्यायला तयार आहे, फक्त शिक्षकांच्या मासिक बैठकीचा खर्च, म्हणजे बसभाड्याची ओळ, तेवढी वगळा म्हणते, आणि घ्यावं की सोडावं हे तुला कळेनासं झालंय. प्रस्ताव कसा लिहिलायस त्यावर बोलत नाही. मी अडलो सातव्या पानावर. तिथे 'लाभार्थी' या रकान्यात आहे: विद्यार्थी 3,200, शिक्षक 80. वर मथळा मात्र 'गणित-विज्ञान अध्यापनासाठी भागीदारी'. मग भागीदार कोण, तू आणि कंपनी? शिक्षकाला लाभार्थी लिहू नकोस.

होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचं तुला माहीत आहे. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात सोळा शाळांपासून सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले लोक तिथे जाऊन शिक्षकांबरोबर बसले. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, पुढे 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो चालवला. आज सगळ्यांना त्यातली प्रयोगाची पेटी आठवते. मला आठवते ती मासिक गोष्ठी, म्हणजे शिक्षकांची बैठक. धडा वर्गात चालला नाही तर शिक्षक तिथे तसं सांगत, आणि 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पाठ्यपुस्तकातले धडे त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिले जात. सरकारने 2002 मध्ये तो बंद केला, तरी तीस वर्षं चालला. पेटीच्या जोरावर कुठलाही कार्यक्रम तीस वर्षं चालत नाही.

मी एकदा पेटी निवडली होती, म्हणून इतकं तावातावाने लिहितोय. एकतीस शाळा होत्या. देणगीदाराने हीच ओळ खोडली आणि मी मान डोलावली. दोन वर्षांनी एका शाळेत गेलो, तर गुरुजींनी कपाट उघडून पेटी दाखवली. सील तसंच होतं. म्हणाले, "सर, परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉकला, सामानाच्या नोंदवहीला, उत्तर कोण देणार?" त्या माणसाला आम्ही वस्तू दिली, फोटो काढला आणि निघून आलो. ती फोडायची मोकळीक, चुकायची मोकळीक दिलीच नाही. त्या वर्षीच्या अहवालात माझी सही आहे.

बैठकीत काय होतं ते कंपनीला सांगता आलं नाही, असं तू लिहितेस. मग हे सांग. एक शिक्षक सहावीच्या वह्या घेऊन येतो. 1/2 + 1/3 = 2/5, निम्म्या वर्गाचं हेच उत्तर. सगळे मिळून शोधतात की मूल वरचे वर आणि खालचे खाली का मिळवतं, आणि त्याला अपूर्णांक ही एक संख्या न दिसता दोन का दिसतात. माझ्या पाहण्यातल्या एका गटात बाईंनी चौथ्या महिन्यात सांगितलं की एकापुढे एक जोडलेल्या दिव्यांतला पहिला दिवा थोडी वीज 'खातो' आणि उरलेली दुसऱ्याकडे जाते, असं चुकीचंच त्यांनाही वाटत आलंय. चौथ्या महिन्यात! पहिल्या दिवशी, साहेबांसमोर, हे कुणीच बोलत नाही. तीन दिवसांच्या शिबिरात तर नाहीच. बसभाडं, चहा आणि जेवण, एवढ्यावर हे घडतं. लाभार्थी स्वतःची शंका टेबलावर ठेवत नाही. ती भागीदारच ठेवतो.

'31 मार्चच्या आत पैसे संपवावे लागतात' हे कारण मला देऊ नकोस. कंपन्यांच्या सामाजिक खर्चाबद्दलचं (सीएसआर) कंपनी कायद्याचं कलम 135 नीट वाच. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के, एवढंच पाठ करून भागत नाही. 2021पासून त्यात चालू प्रकल्पाची सोय आहे: सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांच्या आत वेगळ्या खात्यात. घाई कायद्याची नाही, त्यांच्या अहवालाची आहे. तू ती आपल्या अंगावर का घेतेस?

त्या एकतीस शाळांनंतर मी एक निधी नाकारला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दोन सहकाऱ्यांचे पगार थांबले. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. मी हट्टाने संस्था बुडवली असं लोक म्हणतात. संस्था बुडाली नाही, लहान झाली. नऊ शाळांचा गट उरला, आणि मी निवृत्त झाल्यावरही ते शिक्षक आपल्या पैशाने एसटीने येत राहिले. पगार गेलेल्यांना हे सांगून काही उपयोग नाही, ठाऊक आहे. पण तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

तू लगेच नाकारू नकोस. त्यांना म्हण, चाळीसच्या बारा शाळा करा, एका वर्षाची तीन वर्षं करा, आणि बसभाड्याची ओळ परत घाला. पण त्याआधी सातवं पान तुझ्याकडच्या सात-आठ शिक्षकांसमोर ठेव, त्यांच्याच पेनने खोडाखोड होऊ दे. केंद्रप्रमुखांनाही बोलाव. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी सगळे मोकळे असतात. जेवणाचं बघ. मी साडेबाराच्या गाडीने येतो.

तुझा,
सर