अमेरिकन साहित्य सुरुवातीपासून आजपर्यंत वाचायचं आहे. कुठून सुरुवात करू आणि काय वगळलं तर चालेल?

तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी क्रमानं वाचायचंय, वेळ कमी आहे, म्हणून काय वगळलं तर चालेल ते सांगा. ‘वगळलं तर चालेल’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसले.

पहिलं म्हणजे क्रमानं वाचू नका. सतराव्या शतकातल्या प्युरिटन म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या प्रवचनांपासून सुरुवात करणारे महिन्याभरात पुस्तक मिटतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय. त्या काळातली कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट तेवढी वाचा. १६६६ साली घर जळालं त्यावर तिची कविता आहे. राखेजवळून जाताना ती मोजते, इथं ट्रंक होती, तिथं पेटी होती. बाकीचं नंतर.

सुरुवात गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ सालच्या आत्मकथनापासून करा. छोटं पुस्तक आहे, दोन रात्रींत होतं.

१९८९ साली मी एम.ए. भाग दोनला होते. अमेरिकन साहित्याच्या पेपरला प्रत्येकानं एका लेखकावर सेमिनार द्यायचा होता. आमच्या पुढच्या वर्गातली एक मैत्रीण हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरला राहून आली होती. तिनं या पुस्तकाची झेरॉक्स आणली. कडेची अक्षरं कापली गेली होती, ती अंदाजानं लावत मी वाचत गेले.

बाल्टिमोर शहरात मालकीण छोट्या डग्लसला मुळाक्षरं शिकवायला घेते आणि मालक तिला अडवतो. वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, म्हणतो. मग पोरगा पाव घेऊन बाहेर पडतो आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून वाचन शिकतो. लिहायला शिकतो ते जहाजांच्या कारखान्यात. लाकूड तासून झालं की जहाजात ते कुठं बसणार याची खूण सुतार त्यावर करत. डाव्या अंगाला एल, उजव्या अंगाला एस, पुढे बसणार असेल तर एफ, मागे असेल तर ए. ही चार अक्षरं घोटून झाल्यावर तो लिहिता येणाऱ्या एखाद्या पोराला गाठायचा आणि म्हणायचा, मला तुझ्याइतकंच येतं. पोरगं म्हणायचं, दाखव. हा चार अक्षरं काढायचा, ते पोरगं याला हरवायला आणखी काढायचं, आणि याला नवी अक्षरं मिळायची. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि रस्ता ही त्याची वही. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा.

वाचता वाचता माझे हात गार पडले, कारण माझे वडील इंग्रजी अक्षरं अशीच शिकले. ते भुसावळच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे मजूर होते, शाळा चौथीपर्यंत. मालगाडीच्या वाघिणींवर लेबलं असत, त्यावर स्टेशनांची अक्षरं. बीएसएल म्हणजे भुसावळ. जेएल म्हणजे जळगाव, तर जळगावचा ज तो जे आणि ळ तो एल. मनमाडला एमएमआर, मनमाडमध्ये म दोनदा येतो म्हणून एमसुद्धा दोनदा. अशी एकेक अक्षरं त्यांनी सोडवली होती. मी सुट्टीत घरी गेल्यावर त्यांना डग्लसची गोष्ट मराठीत सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “खडू कुठून आणायचा तो?” पुस्तकात ते नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, “कारखान्यातलाच असणार. आमचे गाडी तपासणारे वाघिणीवर खुणा करून तुकडे फेकून द्यायचे, तेच मी उचलायचो.”

आमच्या सरांनी सेमिनारचा हा विषय नाकारला. म्हणाले, “हे साहित्य नाही, दस्तऐवज आहे.” मी सांगितलं की आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, मराठी वाचकाचं या विषयाशी जुनं नातं आहे. ते म्हणाले, “मग समाजशास्त्राला प्रवेश घ्या.” मला हेमिंग्वे दिला, मी हेमिंग्वेवर बोलले, चांगले गुण मिळाले. पण ते वाक्य आजही डोक्यातून जात नाही.

पुढे कळलं की ते वाक्य सरांचं नव्हतंच. १७६१ साली सात-आठ वर्षांची एक मुलगी गुलाम म्हणून जहाजातून बॉस्टनला उतरवली गेली, फिलिस व्हीटली. १७७३ साली तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला तेव्हा कविता तिच्याच आहेत असं बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचं पत्र पुस्तकात घालावं लागलं. तरीही पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफर्सननं लिहिलंच की या रचना समीक्षेच्या लायकीच्या नाहीत.

म्हणून ‘वगळा’ हा शब्द या साहित्याबाबत जपून वापरा. ‘मोबी-डिक’ लिहिणारा मेल्व्हिल १८९१ साली वारला, तोवर त्याला लोक विसरले होते; १९ वर्षं त्यानं न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरी केली होती. एमिली डिकिन्सननं सुमारे १८०० कविता लिहिल्या, हयातीत छापल्या गेल्या त्या दहाच्या आसपास. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टनच्या कबरीवर दगडही नव्हता, तो १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकरनं जाऊन बसवला. हर्स्टनची १९३७ सालची कादंबरी ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ वाचल्याशिवाय टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’कडे जाऊ नका.

डग्लसनंतर १८५० ते ५५ ही वर्षं घ्या: हॉथॉर्न, ‘मोबी-डिक’, थोरो, व्हिटमन. ‘मोबी-डिक’मधली देवमाशांच्या जातींची प्रकरणं गाळायची असतील तर पुस्तक घेऊच नका. मग डिकिन्सन, मार्क ट्वेन, फॉकनर, हर्स्टन, मॉरिसन. झुंपा लाहिरी तुम्ही वाचलीच असेल.

हेमिंग्वे वाईट लेखक आहे असं माझं म्हणणं नाही, त्याच्या सुरुवातीच्या कथा जरूर वाचा. आणि खरी सुरुवात गोऱ्यांच्याही आधीची, मूळ रहिवाशांच्या तोंडी कथा-गीतांची आहे, हेही सांगायला हवं. त्यासाठी त्यांच्यातलाच लेखक मोमाडे वाचा, त्याच्या पहिल्या कादंबरीला १९६९ साली पुलित्झर मिळालं.

डग्लसचं पुस्तक घ्याल तेव्हा पुढची गॅरिसनची प्रस्तावना आणि फिलिप्सचं पत्र आधी वाचू नका; दोघेही गुलामगिरीविरुद्ध लढणारे गोरे होते. व्हीटलीच्या पुस्तकातल्या सह्यांसारखी तीही साक्षीदारांचीच पानं आहेत, शेवटी वाचा. थेट पहिल्या प्रकरणाला जा. तिथं तो सांगतो की आपलं नेमकं वय त्याला माहीत नाही. गुलामांना जन्माची वेळ ठाऊक असते ती पेरणीची, कापणीची, एवढीच. माझ्या वडिलांच्या सर्व्हिस बुकात १ जून होता. आजी मात्र म्हणायची, पेरणीच्या वेळचा आहे तो.